किझुगावा : वखार गेली, स्थानक उरले

ओसाका ही जपानची जुनी व्यापारी नगरी. तेथील नांबा स्थानकावर दिवसभर माणसांची रीघ असते. पण थोड्याच अंतरावरील किझुगावा स्थानकात दोन डब्यांची गाडी येते आणि मोजक्या उतारूंना घेऊन निघते. शहरातील सर्वांत ओस स्थानकांत त्याची गणना होते.

१९०० साली ते उघडले तेव्हा चित्र निराळे होते. जवळच नदी असल्याने रेल्वे आणि जलमार्ग यांची येथे गाठ पडे, लाकडाची मोठी उलाढाल होई. लाकूड गेले, तसे स्थानकाचे प्रयोजनही गेले.

कोया पर्वतावरील तीर्थक्षेत्राकडे जाणारा लोहमार्ग कागदोपत्री आजही याच फाट्याच्या शिओमिबाशी टोकापासून सुरू होतो. यात्रेकरू मात्र केव्हाच नांब्याकडे वळले. १९८५ साली रूळ उंचावताना हा फाटा मुख्य मार्गापासून तुटलाच. उरली जेमतेम साडेचार किलोमीटरची, सहा स्थानकांची वाट. शहरातून नवा भुयारी मार्ग येणार म्हणून शिओमिबाशीला आशा होती. तोही अखेर नांब्यावरूनच नेण्याचे ठरले.