स्टूल मोजता येतं, बसायची मुभा कशी मोजायची?

टी. नगर म्हणजे चेन्नईचा लक्ष्मी रोड आणि दादरचा बाजार एकाच जागी. उस्मान रोडला साड्या नि सोनं, रंगनाथन स्ट्रीटला कपड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं. 2010 सालच्या ‘अंगाडी तेरु’ या तमिळ चित्रपटाने याच गल्लीतल्या दुकानांत दिवसभर उभं राहून माल विकणाऱ्या मुलामुलींचं जगणं पडद्यावर आणलं होतं. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये तमिळनाडू विधानसभेने राज्याच्या 1947 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ‘22-अ’ हे कलम घालणारं विधेयक मंजूर केलं. प्रत्येक दुकानात कर्मचाऱ्यांसाठी बसायची सोय असावी आणि कामाच्या ओघात संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता यावं, असा त्याचा आशय. केरळने अशी दुरुस्ती 2018 मध्येच केली होती. त्यामागे कोळिकोडच्या मिठाई तेरुवु बाजारातल्या विक्रेत्या स्त्रियांचा पी. विजी यांच्या पुढाकाराने चाललेला लढा होता.

आता तमिळनाडूच्या या कायद्याने टी. नगरमध्ये फरक पडला का, हे अभ्यासायचं आहे असं समजू. कलमात दोन गोष्टी आहेत: सोय आणि संधी. सोय मोजता येते. संधी आली की नाही, हे कोण ठरवतं ते मात्र माणसांना विचारावं लागतं. संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धती एकत्र का आणाव्या लागतात, याचं उत्तर या दोन शब्दांतच आहे.

आधी मोजणी. दुकानांची यादी करून तिचे तीन गट पाडायचे: बहुमजली शोरूम, मध्यम दुकानं आणि एका गाळ्याची दुकानं. प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून दुकानं निवडायची. ओळखीचीच दुकानं घेतली, तर जे आत येऊ देतात त्यांचंच चित्र हाती येईल. मग निरीक्षणाचा तक्ता. ठरलेल्या वेळी एका मजल्यावर किती विक्रेते आहेत, किती स्टुलं आहेत, त्यांतल्या कितींवर मालाचे गठ्ठे ठेवलेत, किती जण बसलेत आणि काउंटरसमोर गिऱ्हाईक आहे का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गिऱ्हाईक समोर असताना उभं राहणं वेगळं आणि काउंटर रिकामा असताना उभं राहणं वेगळं. वेळाही विचारपूर्वक निवडायच्या: मधल्या वारची दुपार आणि शनिवारची संध्याकाळ, एरवीचा महिना आणि आडी या तमिळ महिन्यातल्या सेलचे दिवस. सुरुवातीला दोघांनी एकच मजला स्वतंत्रपणे मोजायचा. आकडे जुळले नाहीत तर तक्त्यातल्या व्याख्या नीट करायच्या. स्टुलाला टेकून उभा असलेला माणूस बसलेला धरायचा की उभा, असे प्रश्न इथेच मिटवायला हवेत.

समजा, तक्ता असं सांगतो: शोरूममध्ये स्टुलं आहेत, पण गिऱ्हाईक नसतानाही त्यांवर फारसं कुणी बसत नाही, छोट्या दुकानांत स्टुलं कमी, तरी माणसं बसलेली दिसतात. कोडं आकड्यांनी घातलं, पण ते आकड्यांनी सुटणार नाही. म्हणून दुसरा टप्पा मुलाखतींचा. कुणाशी बोलायचं तेही हाच तक्ता सांगतो: स्टूल असून न बसणाऱ्यांशी आणि स्टूल नसून बसणाऱ्यांशी. आकड्यांमागून त्यांचं कारण शोधत जाण्याच्या या रचनेला क्रमिक स्पष्टीकरणात्मक रचना म्हणतात.

मुलाखत दुकानात घ्यायची नाही. तिथे कॅमेरा असतो, मजल्याचा सुपरवायझर असतो. सुटीच्या दिवशी, किंवा मांबलम स्टेशनकडे चालता चालता, आणि तमिळमध्येच बोलायचं. ‘तुम्हाला बसू देतात का?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘काल जेवणानंतर संध्याकाळपर्यंत काय काय झालं, सांगा’ म्हटलं की माणूस खुलतो. मग कळू शकतं की बसलेलं दिसलं की घड्या घालायचं काम पुढ्यात येतं, की विक्रीवरच्या कमिशनपायी कुणी स्वतःहूनच बसत नाही. ही दोन कारणं निराळी आणि त्यांवरचे उपायही निराळे.

उलटा क्रमही चालतो. विषय अगदीच अनोळखी असेल तर आधी मोजक्या मुलाखती घ्यायच्या, कामगारांच्या तोंडचे शब्द टिपायचे आणि त्यांतून प्रश्नावली बांधून ती मोठ्या नमुन्यापर्यंत न्यायची. ही क्रमिक शोधक रचना. तिसरी रचना समांतर: दोन्ही कामं एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे करायची आणि शेवटी निष्कर्ष समोरासमोर ठेवायचे. ही विभागणी जॉन क्रेसवेल आणि विकी प्लॅनो क्लार्क यांच्या पुस्तकांमुळे रूढ झाली. कल्पना मात्र जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वाचनालयातून जाणारी पुस्तकं मोजली: मोकळा वेळ वाढूनही ती दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली होती. रस्त्यावरून जाणाऱ्यांची चालही त्यांनी मोजली; पुरुष हळू चालत आणि वारंवार थांबत. सोबत दिनक्रमाच्या नोंदी आणि घरोघरच्या हकिकती होत्या. रिकामपण माणसाच्या वेळेचं काय करतं, हे या सगळ्यातून मिळून कळलं.

मोजणी आणि मुलाखती दोन्ही झाल्या तरी निम्मंच काम झालं. आकड्यांचं एक प्रकरण आणि मुलाखतींचं दुसरं, असे दोन अहवाल एका पुठ्ठ्यात बांधले म्हणजे मिश्र पद्धती होत नाही. जोड दाखवावी लागते. त्यासाठी संयुक्त तक्ता करतात. डावीकडे आकड्यातला निष्कर्ष: ‘स्टूल आहे, वापर नाही’. मधे मुलाखतीतलं कारण: ‘बसलं की काम वाढतं’. उजवीकडे दोहोंचा मिळून अर्थ: सोय झाली, पण संधी सुपरवायझरच्या हातात राहिली. काही ओळींत दोन्ही बाजू भांडतील. मुलाखतीत सगळे म्हणतात, बसायला मिळतं. निरीक्षणात तसं दिसत नाही. अशा वेळी सोयीची बाजू ठेवून दुसरी खोडायची नाही. मोजणीची वेळ चुकली का, उत्तर देणारा घाबरला का, की ‘बसणं’ म्हणजे तो जेवणाची सुटी धरतो, हे तपासायला पुन्हा जायचं.

दोन पथ्यं मात्र पाळायची. पंधरा-वीस मुलाखतींवरून टक्केवारी काढायची नाही. त्या कारणांचे प्रकार दाखवतात, प्रमाण नाही. आणि दुकान, मजला, वय, गाव हे सगळं एकत्र छापायचं नाही. बरेच कामगार दुकानाच्याच वसतिगृहात राहतात. ओळख फुटली तर नोकरीबरोबर निवाराही जाऊ शकतो.

कामगार निरीक्षकाच्या हाती नुसते आकडे दिले, तर तो आणखी स्टुलं ठेवायला सांगेल. नुसत्या हकिकती दिल्या, तर मालक म्हणेल, चार जणींचं ऐकून अख्ख्या बाजाराला नावं ठेवू नका. जोडलेला अहवाल सांगू शकतो की कोणत्या आकाराच्या दुकानांत स्टुलंच कमी आहेत आणि कुठे स्टुलं असून सुपरवायझरला ताकीद द्यायला हवी. पहिल्या ठिकाणी खरेदीचं बिल तपासून भागेल. दुसऱ्या ठिकाणी निरीक्षकाला दुपारच्या मंद वेळी, आगाऊ न कळवता, स्वतः मजल्यावर जाऊन उभं राहावं लागेल.