करणें आणि करविणें

मराठी शाळेंत व्याकरण शिकतांना प्रयोजक क्रियापद नांवाचा एक प्रकार प्रत्येकास भेटतो. 'बसणें' यावरून 'बसविणें', 'करणें' यावरून 'करविणें', अशीं हीं रूपें होत. विद्यार्थी तीं परीक्षेपुरतीं पाठ करतात आणि पुढें विसरून जातात. परंतु पाणिनीनें या प्रकरणीं एक मोठी मार्मिक गोष्ट केली आहे. जो स्वतः क्रिया करतो त्यास तर त्यानें कर्ता म्हटलेंच आहे. पण जो दुसऱ्यास ती क्रिया करावयास लावतो, त्या प्रयोजकासही 'हेतु' या संज्ञेबरोबर 'कर्ता' हीच संज्ञा त्यानें दिली आहे. यज्ञदत्तानें देवदत्ताकडून भात शिजवून घेतला, तर आपला हात चुलीस लागला नाहीं एवढ्यानें यज्ञदत्ताचें कर्तेपण सुटत नाहीं.

हा नियम येथें सांगण्याचें कारण असें कीं, हल्लीं जगांतील विचारी लोकांचें लक्ष ज्या एका मोठ्या व्यवहाराकडे लागलें आहे, त्याचा सारा घोळ या 'करणें' आणि 'करविणें' यांच्या भेदांतच आहे. पृथ्वीचें तपमान वाढत आहे, आणि कोळसा, तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें निघणारा कार्बन डायऑक्साइड हें त्याचें मुख्य कारण आहे, ही गोष्ट आतां शास्त्रदृष्ट्या वादाची राहिलेली नाहीं. डिसेंबर २०१५ मध्यें पॅरिस येथें राष्ट्रांनीं असा करार केला कीं, ही वाढ २ अंशांच्या बरीच खालीं रोखावी आणि शक्य तर १.५ अंशांवर थोपविण्याचा प्रयत्न करावा. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनींही आपापल्या प्रतिज्ञा जाहीर केल्या. अमुक सालापर्यंत आमच्या कारखान्यांचें उत्सर्जन निम्म्यावर आणूं, तमुक सालापर्यंत तें निव्वळ शून्य करूं, असें त्यांच्या वार्षिक अहवालांत सुंदर चित्रांसह छापलेलें असतें. हें झालें 'करणें'.

परंतु याच कंपन्या निरनिराळ्या उद्योगसंघांच्या व व्यापारी मंडळांच्या सभासद असतात, त्यांस दरसाल मोठी वर्गणी देतात, आणि तीं मंडळें सरकारदरबारीं आपलें वजन खर्च करून कायदे हवे तसे वळवूं पाहतात. या खटपटीस लॉबिंग असें म्हणतात. हें झालें 'करविणें'. घरांतील एखाद्या वडील माणसानें चातुर्मासांत कांदा वर्ज्य केल्याचें सर्वांस सांगावें, आणि शेजारच्या खाणावळीस मात्र कांद्याच्या भज्यांसाठीं नियमानें वर्गणी पोंचवावी, तसा हा प्रकार आहे.

याचें पहिलें ठळक उदाहरण अमेरिकेंतलें आहे. १९८९ सालीं तेथील तेल, कोळसा, वीज, मोटारी इत्यादि धंद्यांनीं मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोॲलिशन' नांवाचा संघ स्थापला. नांवावरून हा हवामानाच्या रक्षणासाठीं झटणारा संघ असावा असें कोणासही वाटेल. त्याचें काम मात्र हवामानविषयक निर्बंध लांबणीवर टाकण्याचें होतें. शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाहीं, घाई करूं नये, असें तो लोकांस व लोकप्रतिनिधींस सांगत असे. पुढें २००९ सालीं उजेडांत आलेल्या कागदपत्रांवरून दिसून आलें कीं, मानवी उत्सर्जनाचा हवामानावर परिणाम होण्यामागील शास्त्र पक्कें असून तें नाकारतां येण्यासारखें नाहीं, असा अभिप्राय या संघाच्या स्वतःच्या शास्त्रीय सल्लागारांनीं १९९५ सालींच दिला होता. आंत एक आणि बाहेर एक!

क्योटो येथील करार डिसेंबर १९९७ मध्यें झाला. पण विकसनशील देशांवर बंधन न घालणारा करार अमेरिकेनें मान्य करूं नये, असा ठराव तेथील सीनेटनें त्याच वर्षींच्या जुलैमध्यें ९५ विरुद्ध ० मतांनीं करून ठेवला होता. मार्च २००१ मध्यें अमेरिकेनें त्या करारांतून अंग काढून घेतलें. दरम्यान संघाचे सभासद एकेक करून बाहेर पडूं लागले होते: १९९७ मध्यें बी. पी., १९९८ मध्यें शेल, १९९९ च्या अखेरीस फोर्ड, आणि २००० सालीं टेक्साको व जनरल मोटर्स. आपलें कार्य पूर्ण झालें अशा अर्थाची भाषा करीतच तो संघ २००२ सालीं विसर्जित झाला, आणि दुर्दैवानें ती भाषा अगदींच खोटी नव्हती. १९८९ सालीं हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें ३५३ भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले होते. ही सारी वाढ एका संघाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तथापि जीं दहा-बारा वर्षें वादांत घालविलीं गेलीं, तीं पुढें बाहेर पडलेल्या सभासदांच्या पश्चात्तापानें परत येणारीं नव्हतीं.

येथें कोणी विचारील कीं, शहाणे सभासद असतांना मंडळ असें कां वागतें? उत्तर मंडळांच्या रचनेंतच आहे. समजा, एखाद्या मंडळांत शंभर सभासद आहेत. त्यांतील ऐंशींस जकात, कर, मजुरीचे कायदे यांपुरतेंच मंडळ हवें असतें. हवामानाच्या कायद्याशीं त्यांस फारसें कर्तव्य नसतें. उरलेल्या वीसांच्या मात्र खाणींवर किंवा तेलाच्या विहिरींवर गदा यावयाची असते. ते प्रत्येक समितीस हजर राहतात, मसुदे लिहवितात, आणि त्यांचा आवाज हाच मंडळाचा आवाज होऊन बसतो. बाकीचे ऐंशी जण इतिवृत्तास संमति देतात आणि वर्गणी भरतात. मंत्र्यांपुढें मंडळाचे चिटणीस जेव्हां उभे राहतात, तेव्हां ते शंभरांच्या वतीनें बोलतात, वीसांच्या नव्हे. गप्प राहणाऱ्याचें नांव असें परस्पर खर्चीं पडतें.

हें ओळखून सभासदांनीं उघडपणें पाऊल उचलल्याचा प्रसंग २००९ सालीं आला. त्या वर्षीं जूनमध्यें अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानें २१९ विरुद्ध २१२ मतांनीं एक विधेयक संमत केलें. २००५ सालच्या मानानें २०२० पर्यंत उत्सर्जन १७ टक्के घटवावें, असा त्याचा आशय होता. यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्सनें त्यास कडाडून विरोध केला. तेव्हां पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, एक्सेलॉन व पी. एन. एम. रिसोर्सेस या वीजकंपन्यांनीं आणि पाठोपाठ ॲपलनें चेंबर सोडलें. नायकेनें सभासदत्व ठेवून कार्यकारी मंडळावरील जागा तेवढी सोडली. विधेयक सीनेटमध्यें मतास न टाकतांच मागें पडलें. यावरून एवढें खरें कीं, चार जणांच्या बाहेर पडण्यानें लढाई जिंकली जात नाहीं. पण आपल्या नांवावर काय बोललें जातें याची जबाबदारी आपली आहे, हें त्या दिवसापासून उद्योगजगतास उघडपणें ऐकावें लागलें.

ऑस्ट्रेलियांतील प्रसंग याहूनही बोलका आहे. ९ फेब्रुवारी २०१७ रोजीं तेथील अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनीं कोळशाचा एक ढेकूळ भर पार्लमेंटांत उंच धरून, याला भिण्याचें कारण नाहीं, असें विरोधकांस सुनावलें. तो ढेकूळ 'मिनरल्स कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया' या खाणउद्योगाच्या संघानें पुरविला होता. त्या संघाची एक थोर सभासद कंपनी म्हणजे मेलबर्नची बी. एच. पी.; आणि ही कंपनी स्वतः पॅरिस कराराची पुरस्कर्ती! कांहीं भागधारकांनीं त्याच वर्षींच्या वार्षिक सभेंत ठराव मांडून याचा जाब मागितला. ठराव संमत झाला नाहीं; पण डिसेंबरांत कंपनीनें आपल्या संघांचीं धोरणें तपासून अहवाल छापला, आणि २०१८ सालीं ती जागतिक कोळसा संघांतून बाहेर पडली. अमेरिकेच्या चेंबरमध्यें व मिनरल्स कौन्सिलमध्यें मात्र ती राहिली.

हाच पायंडा मग इतरांनीं उचलला. शेलनें २०१९ सालीं १९ संघांचीं धोरणें तपासलीं आणि तेलशुद्धीकरण करणाऱ्यांचा एक अमेरिकन संघ सोडण्याचें ठरविलें. फ्रान्सच्या टोटल कंपनीनें जानेवारी २०२१ मध्यें अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा निरोप घेतला.

'सोडावें कीं राहून सुधारावें' हा प्रश्न खरोखरीच कठीण आहे, आणि राहणाऱ्यांचा पक्ष आम्हांस हंसण्यावारी नेतां येत नाहीं. सर्व सुविचारी सभासद बाहेर पडले तर मंडळ हेकट लोकांच्याच हातीं राहील, हें म्हणणें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास सहज पटेल. रागावून वेगळें चूल मांडणाऱ्यापेक्षां माजघरांत बसून वाद घालणारा पुष्कळ वेळां घराचें अधिक हित करतो. परंतु राहणें आणि निमूट राहणें यांत अंतर आहे. जो राहतो त्यानें आपला मतभेद लेखी व उघड नोंदविला पाहिजे, सुधारणेस मुदत घातली पाहिजे, आणि ती मुदत टळली तर काय करणार हेंही सांगून ठेवलें पाहिजे. मुदतीवांचून केलेला आग्रह हा मौनाचाच एक सुसंस्कृत प्रकार होय.

उलटपक्षीं, संघ सोडला म्हणजे व्रत पुरें झालें असेंही नाहीं. १९९७ सालीं सर्वांच्या आधीं बाहेर पडलेल्या कंपन्यांत बी. पी. होती, आणि २०२० सालींही तिनें तीन अमेरिकन संघ सोडले. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्यें तिनेंच तेल व वायु यांवरील खर्च वाढविण्याचें आणि अक्षय ऊर्जेवरील खर्च घटविण्याचें जाहीर केलें. म्हणून करणें आणि करविणें हीं दोन्ही एकाच वेळीं तपासावीं लागतात.

ही तपासणी कशी करावी यासाठीं मार्च २०२२ मध्यें चौदा कलमांचें एक जागतिक प्रमाण प्रसिद्ध झालें. तें तयार करण्यांत पुढाकार घेणाऱ्यांत स्वीडनचा एपी-७ हा निवृत्तिवेतन निधि आणि इंग्लंडच्या चर्चचें निवृत्तिवेतन मंडळ हीं होतीं. पेन्शनीचा पैसा वीस-तीस वर्षांनीं परत द्यावयाचा असतो. तेव्हां वीस-तीस वर्षांनीं जग कोणत्या अवस्थेंत असेल याची चिंता अशा संस्थांस असणें स्वाभाविकच आहे. कंपनीच्या संचालक मंडळानें ही जबाबदारी पत्करावी, सर्व संघांचीं नांवें व धोरणें प्रसिद्ध करावींत, आणि विसंगति आढळल्यास काय केलें तें सांगावें, असा त्या कलमांचा एकंदर रोख आहे.

आमच्या वाचकांस हें सारें दूरदेशचें वाटेल. पण तसें नाहीं. मुंबईच्या सेबीनें बाजारमूल्यानें पहिल्या एक हजार नोंदलेल्या कंपन्यांवर २०२२-२३ पासून उत्तरदायित्वाचा एक विस्तृत अहवाल बंधनकारक केला आहे. त्याचें सातवें तत्त्व सरकारी धोरणावर प्रभाव पाडण्यासंबंधींच आहे. आपण किती व्यापारी मंडळांचे सभासद आहोंत हें कंपनीनें सांगावयाचें असतें, आणि त्यांतील प्रमुख दहांचीं नांवें द्यावयाचीं असतात. तीं मंडळें हवामानाविषयीं सरकारास काय सांगतात, हें मात्र त्या यादीवरून कळत नाहीं. यादी आहे, तिचा अर्थ विचारणारा हवा.

तो विचारणारा घरोघरीं आहे. आज कितीतरी कुटुंबांत थोडेबहुत शेअर आहेत, आणि म्युच्युअल फंडाचा हप्ता तर पुष्कळांचा जातो. फंडानें आपल्या कंपन्यांच्या सभांत मतदान करावें व तें प्रसिद्ध करावें, असा सेबीचा नियम आहे. तेव्हां वार्षिक सभेची सूचना आली म्हणजे ती रद्दींत टाकण्यापूर्वीं घरांतील शिकल्यासवरलेल्या मुलासुनांनीं कंपनीस किंवा फंडास तीन प्रश्न लिहून पाठवावे: आपण कोणत्या मंडळांस वर्गणी देतां? तीं मंडळें हवामानाच्या कायद्यांविषयीं सरकारास काय सांगतात? आणि तें आपल्या प्रतिज्ञेशीं जुळत नसेल, तर आपण केव्हांपर्यंत काय करणार? उद्योगधंद्यांनीं सरकारपुढें आपलें म्हणणें मांडूं नये, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तो त्यांचा हक्कच आहे. अहवालांतील कंपनी आणि मंत्र्यांच्या दालनांतील कंपनी यांनीं एकच भाषा बोलावी, एवढीच अपेक्षा आहे.

या तिन्हींतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिल्याचें उत्तर हल्लीं छापलेलें मिळतें आणि तिसऱ्याचें उत्तर दुसऱ्यावरच अवलंबून आहे. ज्यांच्या पैशानें वर्गणी भरली जाते त्यांत आपणही आहोंत; अर्थात् पाणिनीच्या हिशेबानें त्या कर्तेपणाचा लहानसा वांटा आपल्याही पदरीं येतो.