जुन्या आंब्यावरचं बांडगूळ

काल जुन्या बागांची फेरी झाली. आधी साताऱ्याजवळ लिंबला मित्राची आमराई. तिथली बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, आमराईच्याच पाण्यासाठी, असं सांगतात. मग सांगलीत, मी पूर्वी सांभाळलेला एका वाड्याचा परसू.

दोन्हीकडे आंब्यावर तेच दिसलं. बांडगूळ!

ओळखायचं कसं? आंब्याच्या लांब, टोकदार पानांत मधेच आखूड, जाड, बोथट पानांचा झुबका दिसतो. फुलं नळीसारखी, शेंदरी. फळं फुलटोच्या पक्षी खातो. बी इतकं चिकट की तो ते फांदीवर घासूनच सोडवतो आणि तिथेच ते रुजतं.

पानं हिरवी असल्याने अन्न ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे ओढतं. पुढची फांदी हळूहळू वाळते.

नुसता झुबका ओरबाडू नका. मुळं लाकडात शिरलेली असतात, पुन्हा फुटतं. बांडगुळाची गाठ जिथे आहे, तिथून खोडाच्या बाजूला फूटभर मागे फांदी कापा, तीही त्याला फळं धरायच्या आत. कापावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी अजिबात नको.

मित्राने कालच करवत काढली, फार बरं वाटलं.

तुमच्या झाडावर असं काही दिसतंय का? फोटो टाका, बघून सांगतो.