तुर्भ्याची भट्टी आणि माहुलची धुरांडी

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याच्या किनाऱ्यावर ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, त्याच्या वर्षा-दोन वर्षांपूर्वीच शेजारच्या माहुलच्या बाजूस दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुरांडी उभी राहिली होती, आणि १९६५ च्या सुमारास त्यांच्या जोडीला खतकारखानाही आला. एकाच परिसरात नांदणाऱ्या या दोन प्रकारच्या शेजाऱ्यांपैकी लोकांच्या भयाला पात्र ठरला तो मात्र प्रायः पहिलाच.

या भयाचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे १९८७-८८ चे लोणी-प्रकरण. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटल्यानंतर युरोपातून भेटीदाखल आलेले सुमारे २०० टन आयरिश लोणी मुंबईच्या बाजारात येऊ देऊ नये, अशी दाद उच्च न्यायालयात मागण्यात आली. ती फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात रुजू झाले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि त्या लोण्यातील किरणोत्सार विहित मर्यादेच्या बराच खाली असल्याचा निर्वाळा समितीने दिला. भय निराधार होते असे मी म्हणणार नाही. किरणोत्सारी आयोडीनने दूषित झालेले दूध प्यालेल्या तिकडच्या मुलांमध्ये थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण पुढे निघाले, हे सत्य आहे. परंतु ज्या तत्परतेने लोण्याच्या प्रत्येक किलोची झडती घेण्यात आली, तिचा शतांशही माहुललगतच्या चेंबूरच्या हवेच्या वाट्याला त्या काळी आला नाही. आणि ही उपेक्षा भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतरची, म्हणजे कारखान्यातून सुटलेला वायू एका रात्रीत हजारोंचे प्राण घेऊ शकतो हे उभ्या देशाने पाहिल्यानंतरची होती.

याचे कारण, माझ्या मते, भयाइतकेच मोजमापात आहे. किरणोत्साराला मात्रा असते, नैसर्गिक स्रोतांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावर सामान्य नागरिकासाठी आणखी एका मिलिसिव्हर्टची मर्यादा ठरलेली आहे, आणि तिची नोंद ठेवणारे दप्तर आहे. धूर मात्र सर्वांचा म्हणून कोणाचाच नसतो, आणि रोजचा म्हणून भयाचाही नसतो. पेट्रोलमधले शिसे मुलांच्या रक्तात मुरते हे ठाऊक असूनही देशभरातून ते हद्दपार व्हायला २००० साल उजाडावे लागले, त्याविषयी मोर्चे निघाल्याचे काही मला स्मरत नाही!

चेंबूरला ‘गॅस चेंबर’ हे नाव लोकांनीच दिले, तरी माहुल आणि अंबापाडा येथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास घातक आहे हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मान्य केले ते २०१५ साली. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांची पुनर्वसनासाठी तिकडेच रवानगी होत राहिली. अखेर २०१९ मध्ये, माहुलला जाण्यास राजी नसलेल्या कुटुंबांना महापालिकेने दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने फर्मावले.