ऐकीव माहितीला ‘संदर्भ हवा’

शेतजमिनींच्या जागी पाहता पाहता गृहसंकुले उभी राहिलेल्या पिंपळे सौदागरच्या रहिवाशांना आपल्या परिसराची नोंद मराठी विकिपीडियावर असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात कोणालाही लेखन करता येते. मात्र, त्यासाठी काही नियम पाळावे लागतात.

पहिला नियम पडताळणीचा. विधान खरे असणे पुरेसे नाही. वाचकाला ते विश्वासार्ह प्रकाशित साधनात पाहता आले पाहिजे. गावाच्या नावात ‘सौदागर’ कोठून आले, याविषयी ज्येष्ठांनी सांगितलेली आठवण मोलाची असली, तरी ती आधी एखाद्या ग्रंथात वा अभ्यासलेखात प्रसिद्ध व्हावी लागते. गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका यांचा आधार चालतो. बांधकाम व्यावसायिकाच्या माहितीपत्रकाचा नाही. निराधार विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली जाते आणि पुढे ते वगळलेही जाऊ शकते.

दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. लेखकाने स्वतःचे निष्कर्ष काढू नयेत. पिंपरी-चिंचवड महापालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली आणि पिंपळे सौदागर तिच्या हद्दीत आहे, ही दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु त्यांची सांगड घालून ‘हे गाव १९८२ पासून महापालिकेत आहे’ असे लिहिता येणार नाही. कारण महापालिकेची हद्द नंतरही वाढली. समावेशाचे वर्ष सांगणारा स्वतंत्र संदर्भच द्यावा लागेल.

शैलीचेही पथ्य आहे. ‘निसर्गरम्य’, ‘लाडके नेते’ असे शब्द टाळावेत. ‘सध्या’, ‘नुकतेच’ हे शब्द लवकर शिळे होतात. तेथे वर्ष द्यावे.

हा काटेकोरपणा कशासाठी? २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावर कोआटी या प्राण्याला गमतीने ‘ब्राझीलचे आर्डवार्क’ असे नाव दिले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि कालांतराने त्याच बातम्या त्या नावाचा पुरावा ठरल्या! गावाच्या इतिहासाचेही असेच होऊ शकते. आज विनासंदर्भ लिहिलेली दंतकथा उद्या शाळेच्या प्रकल्पात आणि परवा स्मरणिकेत इतिहास म्हणून छापली जाईल. मग खरे काय, हे शोधणे गावकऱ्यांनाही कठीण होईल.