संगणकाने लिहिलेला हिशेब दुसऱ्या संगणकावर जुळेल का?

उल्हासनगरात जीन्स शिवणारे आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणारे आमचे अनेक बांधव मजुरीचा हिशेब संगणकावर ठेवतात. असा प्रोग्राम हल्ली संगणकाकडूनच लिहून घेता येतो. काम झटपट होते. पण संगणक बदलला की उत्तरही बदलू शकते, हे ध्यानात घ्यावे.

पायथॉन या संगणकीय भाषेचेच पाहा. २५ रुपये दोन कारागिरांत वाटायचे असतील, तर साध्या भागाकाराचे उत्तर दुसऱ्या आवृत्तीत १२ येते, तिसरीत १२.५. तिसरी आवृत्ती २००८ साली आली. १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभाल थांबली. जुना प्रोग्राम बंद पडत नाही, म्हणून चूक दिसत नाही. प्रत्येक कारागिराचे पन्नास पैसे मात्र बुडतात.

यावर आमची सूचना अशी: मजुरी पैशांत मोजावी आणि भागाकाराला दोन तिरप्या रेघांचे चिन्ह वापरावे. २५०० पैशांचे १२५० दोन्ही आवृत्त्यांत येतात. बाकी उरल्यास ती वेगळी दाखवावी.

फाईलच्या नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे विंडोज सहसा एकच मानते, लिनक्स वेगळी. म्हणून नावे सर्वत्र लहान अक्षरांतच ठेवावीत.

प्रोग्राम लिहून घेताना आवृत्ती व संगणक कोणता, हे आधीच सांगावे. दुरुस्ती मूळ सूचनेत करावी. तयार प्रोग्रामात हाताने केलेली दुरुस्ती तो पुन्हा लिहून घेताना पुसली जाते. शेवटी एका आठवड्याची मजुरी कागदावर मांडून दोन्ही संगणकांशी ताळा जमवावा. कारागिराचा हिशेब चोख, तरच धंद्याची पत टिकते.