मागची चाकं गेली पुढे : काटकसर की तडजोड?

गाडीचा विषय निघाला की घरातले मोठे पहिल्यांदा विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि आपण मेकॅनिकलवाले विचारतो, ‘ड्राइव्ह कुठली, पुढची की मागची?’ बीएमडब्ल्यूच्या बाबतीत याचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं : मागची. २००४ साली आलेली छोटी ‘वन सिरीज’सुद्धा मागच्याच चाकांवर चालायची. २०१९ मध्ये तिसऱ्या पिढीत मात्र कंपनीने ती पुढच्या चाकांवर आणली. चाहते जाम भडकले. पैसे वाचवायला गाडीचा आत्माच विकला म्हणे! खरंच का? चला, हिशेब मांडू.

जुन्या गाडीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेत. त्यामागे गिअरबॉक्स, मग लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या ॲक्सलवर डिफरन्शियल. नव्या गाडीत इंजिन आडवं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्यालाच चिकटलेले, म्हणजे सगळा संसार बॉनेटखाली! फोर-व्हील ड्राइव्हची मॉडेल्स सोडली तर शाफ्ट लागतच नाही. शिवाय याच जातीचा प्लॅटफॉर्म मिनी आणि एक्स-वनलाही वापरला. म्हणजे डिझाइन आणि टेस्टिंगचा खर्च कितीतरी जास्त गाड्यांवर वाटला जातो.

गिऱ्हाइकाला काय मिळालं? गाडी किंचित आखूड झाली, तरी मागच्या सीटवर गुडघ्यांना ३३ मिमी जास्त जागा मिळाली. डिकी ३६० लिटरची ३८० झाली.

गेलं काय? वेग वाढवताना वजन मागे सरकतं, म्हणून मागच्या चाकांची पकड वाढते आणि पुढच्यांची कमी होते. त्यात पुढच्या बिचाऱ्यांना गाडी ओढायची आणि वळवायचीसुद्धा! वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दिला की ती घसरतात आणि गाडी बाहेर जाऊ बघते. त्यावर उपाय म्हणून घसरण आवरायचं काम थेट इंजिनच्या कॉम्प्युटरकडे दिलं. त्यामुळे निरोप फिरून येण्यातला वेळ वाचतो. सहा सिलिंडरचं लांब इंजिन आडवं बसवणं मात्र कठीण. त्यामुळे ३४० हॉर्सपॉवरचं ३ लिटरचं इंजिन गेलं आणि सगळ्यात वरच्या मॉडेलला चार सिलिंडरचं, ३०६ हॉर्सपॉवरचं मिळालं.

आता गंमत ऐका. तेव्हाचे कंपनीप्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी २०१० मध्येच सांगितलं होतं की वन सिरीजच्या ८० टक्के चालकांना आपली गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्हच वाटते! म्हणजे जे बहुतेकांना जाणवतच नव्हतं, तिथला खर्च कापला आणि त्यातून जे रोज जाणवतं ते दिलं. माझ्या मते याला काटकसर म्हणायचं, कंजुषी नाही.

पण उरलेल्या २० टक्क्यांचं दुःख खोटं नाही. त्या वर्गात मागच्या चाकांवर चालणारी ही एकच हॅचबॅक होती. इतरांसारखीच झाल्यावर महागडा बिल्ला का घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आता इंटिरिअर, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगने द्यायला हवं. तिथे हात आखडला तर सगळा हिशेब फसला! २०२४ ची चौथी पिढीही पुढच्याच चाकांवर आली, म्हणजे कंपनीचा निर्णय पक्का आहे.

तुमचं काय? तुम्ही ८० टक्क्यांत की २० टक्क्यांत?